तीन गज आणि वर एक फूट

तोतारामनाना. हे नाव आधीच लिहून टाकतो, कारण पुढची हकिकत सांगण्याच्या भरात ते मागे पडायला नको. आज धुळ्यात माझं जे काही आहे, गिरणीतली कायमची नोकरी, दोन खोल्या, दारातली तुळस, ते सगळं एका उडीवर उभं आहे. उडी माझ्या पायांची, पण ती खरी आहे का हे सगळ्यांच्या आधी नानांनी तपासलं. कौतुकानं नव्हे. संशयानं.

नाना मूळचे चोपड्याचे. वडिलांचं कापडाचं दुकान होतं, ते बुडालं. दुकानातला कापड मोजायचा लोखंडी गज तेवढा घेऊन नाना जळगावला आले. मेहरूणच्या अंगाला एक जिनिंग फॅक्टरी होती, मालक राजस्थानातले जैन शेठजी. तिथली कापसाची खरेदी नानांच्या हातात. हातात म्हणजे खरोखरच हातात. शेतकऱ्याची गाडी आली की नाना बाही सारून कापसात काखेपर्यंत हात घालायचे, डोळे मिटायचे आणि अगदी तळाचा मूठभर कापूस ओढून गालाला लावायचे. वजन भरावं म्हणून कोणी तळाला पाणी शिंपडलं असेल तर ते गालाला कळायचं.

"वरचा कापूस बठ्ठ्यांचा, सगळ्यांचाच चांगला असतो," ते म्हणायचे. "म्हणून मी वरचा बघतच नाही."

हा हात त्यांनी कापसापुरता ठेवला नव्हता. दूधवाल्यासमोर दूध नखावर टाकून बघायचे. घड्याळ हातात असून वेळ दोघांना विचारायचे, आणि दोघांचं जुळलं तर म्हणायचे, "दोघं एकाच भोंग्यावर लावत असतील." कोणी नमस्कार जरा जास्त वाकून केला की त्या दिवशी त्याची गाडी दोनदा तपासायचे. त्यांच्या पत्नी यमुनाअक्का मला भाकरी वाढताना सांगायच्या, "आमच्या लग्नात मंगलाष्टकं चालली होती, मधे अंतरपाट. हे महाशय खाली वाकून माझे पाय बघत होते."

"कशाला?" मी विचारलं.

"दाखवली ती हीच का, म्हणून!"

नाना ताटावरून मान वर न काढता म्हणाले, "विचारायला काय जातं? दोघी बहिणी सारख्याच दिसत होत्या."

मी त्या फॅक्टरीत आलो तो राजापूरच्या बाजूचा एक आठवी सोडलेला पोरगा. गावचा एक फिटर ओळखीचा, त्यानं चिकटवून दिलं आणि स्वतः वर्षभरात निघून गेला. मग माझं म्हणावं असं माणूस त्या मुलखात कोणी उरलं नाही. बोली कळायची नाही, ऊन सोसायचं नाही. सगळे मला कोकण्या म्हणायचे. जिनिंगचं काम हंगामाचं. दिवाळीला सुरू, उन्हाळा लागला की बंद. मग मला ठेवतील की घालवतील, ही धाकधूक दर वर्षी. परत जायचं तर मामाच्या ओसरीवर, आणि मामीनं निघतानाच सांगितलं होतं, "आता तिकडचाच हो रे बाबा."

माझ्याकडे एकच गोष्ट होती, उंची. शेठजींचे चिरंजीव सुभाषशेठ पुण्याला शिकून आले ते बास्केटबॉलचं वेड घेऊन. हंगाम संपला की कापूस वाळवायचं अंगण मोकळं व्हायचं. तिथे त्यांनी लाकडी खांब रोवून, बोर्ड ठोकून, लोहाराकडून रिंगा करून बसवल्या होत्या. उंच म्हणून मला खेळायला घेतलं. नानांचा सावद्याचा भाचा प्रल्हाद उन्हाळ्यात यायचा, तोही खेळायचा. तो माझ्याहून चांगला खेळायचा, फक्त बुटका होता.

आणि एका संध्याकाळी ते झालं. सुभाषशेठनी चेंडू दिला, मी धावत जाऊन उडालो, आणि हात रिंगेच्या वर गेला. चेंडू मी फेकला नाही, वरून आत घातला. जाळीतून तो पायाशी पडला. मग एकच आरडाओरडा. सुभाषशेठ ओरडले, "असं मी पुण्यातसुद्धा बघितलं नाही!" मला खांद्यावर घेतलं. शेठजींनी जिलेबी मागवली.

नाना वजनकाट्याजवळच्या ओट्यावर बशीतून चहा पीत होते. ते उठले नाहीत. जिलेबीचं वेटोळं उजेडात धरून बघितलं आणि खाल्लं. माझ्याकडे मात्र असं बघत होते, जसे ओल्या गाडीकडे बघतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात आलो तर नाना शिडीवर. रिंगेला लोखंडी तार बांधून तिच्या टोकाला वजन सोडलेलं, आणि खाली येऊन ते ती तार गजानं मोजत होते. सुभाषशेठ बाजूला कंबरेवर हात ठेवून उभे.

"दोरी घ्यायची ना नाना, तार कशाला?"

"दोरी ओढली की लांबते. तार लांबत नाही." नाना मोजत राहिले. "किती पाहिजे म्हणालात?"

"दहा फूट."

"म्हणजे तीन गज आणि वर एक फूट." नानांनी गज खाली ठेवला. तोंडात बोली आली, म्हणजे त्यांची खात्री झाली होती. "नही ना शेठ. कमी शे. वीतभर कमी शे."

झालं होतं असं. दर हंगामाआधी त्या अंगणात मुरूम पडायचा, ठोकून बसवायचा, वरून शेणमातीचं सारवण, कापसाला कचरा लागू नये म्हणून. दर वर्षी हे काम आम्हीच करायचो. अंगण वर येत गेलं आणि रिंग आपली खांबावर होती तिथेच राहिली. सारवणारे आम्ही, खेळणारे आम्ही, पण कोणाच्या ध्यानात आलं नाही. उलट आम्ही म्हणायचो, पोरं दर साल सुधारतायत!

सुभाषशेठ हसले. "वीतभरानं काय होतंय नाना?"

"तुम्ही धुळ्याला काय सांगून बसलात?"

तेव्हा मला कळलं. धुळ्याच्या एका गिरणीचा संघ होता. त्याचे मॅनेजर सुभाषशेठना आदल्याच रात्री एका लग्नात भेटले होते, आणि यांनी छाती काढून सांगून टाकलं होतं की आमच्याकडे एक पोरगा वरून चेंडू घालतो. ते म्हणाले होते, यंदाचा आमचा संघ भरला. पुढचा हंगाम उरकला की आणा त्याला. खरं निघालं तर गिरणीत कायम करून घेतो. उंच माणसाची आम्हाला गरज आहे.

कायम! हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःबद्दल ऐकला, आणि त्याच वेळी शिडीशेजारी वीतभर कमी भरलेली तार लोंबत होती.

"धुळ्याचं अंगण आपण सारवलेलं नाही," नाना म्हणाले.

रिंग वर चढवली. मी उडालो. बोटं रिंगेला लागली, चेंडू लोखंडावर आपटून अंगणाबाहेर गेला. पुन्हा उडालो, पुन्हा तेच. संध्याकाळपर्यंत मी उडत होतो आणि लोक एकेक करून घरी जात होते.

बॉयलरवरचे गफूरचाचा माझ्याजवळ येऊन बसले. "बेटा, एक बात सांगू? नानांनी रिंग मोजली ती तुझ्यासाठी नाही. प्रल्हाद त्यांच्या बहिणीचा पोरगा आहे. धुळ्याला कोण गेलेलं त्यांना आवडेल, तू की तो? जरा विचार कर."

मी विचार केला. माझ्यासारख्या परक्या मुलखातल्या माणसाला असा विचार करायला कितीसा वेळ लागतो? म्हणून दोन दिवसांनी नाना म्हणाले, "कोकण्या, उद्यापासून उजाडताना ये, तुझ्या पायांचं बघू," तेव्हा मी आधी प्रल्हाद कुठे आहे ते बघितलं. हा माणूस मला का बोलावतो? त्याचं यात काय आहे? नाना जगाकडे जसे बघायचे तसाच मी नानांकडे बघू लागलो.

नानांना बास्केटबॉलमधलं काही कळत नव्हतं. शेवटपर्यंत ते त्याला जाळीचा खेळ म्हणायचे. पण उडी म्हणजे काय, यावर त्यांचा स्वतःचा असा संशय होता. पावसाळाभर त्यांनी मला ओट्यावरून खाली उडी मारायला लावली, आणि पाय टेकताक्षणी पुन्हा वर. "खाली तवा तापलाय समज. टेकू नको, चटका बसतो." हंगाम सुरू झाल्यावर सरकीचे ढीग लागले. कापसातून निघालेलं ते गुळगुळीत बी, पाय टाकला की पोटरीपर्यंत आत जातो. त्यात उभं करून म्हणाले, "आता उड."

मी उडालो तो जेमतेम चार बोटं. पायाखाली रेटायला काही नव्हतंच.

"जमीन उडीला हातभार लावते," नाना म्हणाले. "सरकी लावत नाही. इथे जेवढा उडशील तेवढा तुझा."

गोदामाच्या भिंतीवर दर पौर्णिमेला आणि अमावास्येला मोजमाप. आधी भिंतीला चिकटून उभं राहायचं, हात वर, बोटाला गेरू. मग उडून दुसरी खूण. मधलं अंतर म्हणजे माझी उडी. यात मी लबाडी कुठे करीन, तर पहिल्या खुणेच्या वेळी. म्हणून ते माझ्या टाचेखाली केळीच्या पानाची पट्टी ठेवून ओढून बघायचे. पट्टी अलगद निघाली तर टाच उचललेली.

"टाचा टेकव!"

"टेकल्यात नाना."

"मग पान कसं निघालं? टेकव, मग बोल."

उडी कमी भरली तर रागवायचे नाहीत. "आज पाय दमलेत. दमलेला पाय खोटं बोलतो. जा, झोप." घरी अक्कांकडे पाठवायचे, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत खायला. चिडायचे ते उडी जास्त भरली की. मग भिंत पुसायची, गेरू नवा, पट्टी नवी, पुन्हा उडवायचे. पुन्हा तेवढीच भरली तरी तोंडानं बरं म्हणून नाही. एकदा मी धीर करून म्हटलं, "नाना, चांगली झाली ना?"

"भिंत खचली नसेल तर चांगली झाली."

माझं मन मात्र दोन्हीकडे ओढायचं. एका बाजूनं उडी वाढत होती हे मला पायांत कळत होतं. दुसऱ्या बाजूनं गफूरचाचांचा शब्द. वाटायचं, हा मला नीट तपासून घेतोय, आणि कुठे कमी पडतो ते कळलं की तेवढंच धुळ्याला सांगणार.

अक्कांनी एकदा एक गोष्ट सांगितली. शाळेत असताना नाना उंच उडी मारायचे. चोपड्याच्या शाळेत दोन खांबांत बांबू आडवा लावायचे. तो बांबू मधे वाकलेला. नाना बरोबर मधूनच उडायचे. शाळेत पहिले आले, बँड लावून घरी आणलं. मग जळगावला मोठ्या स्पर्धेत गेले, तिथे काठी सरळ होती.

"मग?"

"मग काय, तिन्ही वेळा काठीसकट खाली. येताना स्टेशनवर कोणी न्यायला आलं नाही."

ही गोष्ट खरी की अक्कांनी रचलेली, मला माहीत नाही. नानांबद्दलसुद्धा संशय घ्यायची सवय मला नानांनीच लावली. पण त्यानंतर त्यांनी टाचेखालचं पान ओढलं की मला तो वाकलेला बांबू दिसायचा.

हंगाम उरकत आला. माघात मी, यंदाच्या मुरुमानंतर पुन्हा वर घेतलेल्या रिंगेत पहिल्यांदा वरून चेंडू घातला. नानांनी शिडी आणवली, तार सोडली, मोजली. तीन गज आणि वर एक फूट. तार गुंडाळली.

आणि धुळ्याचा दिवस ठरल्यावर, जायला आठवडा उरला असताना, त्यांनी चेंडू काढून घेतला. आपल्या खोलीतल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"आता उडायचं नाही."

"नाना, आता तर रोज करायला पाहिजे!"

"एक उडीसुद्धा नाही. सरकीकडे फिरकायचं नाही. गोदामाची शिडी चढायची नाही. बसायचं."

गफूरचाचा हसले, पण त्या हसण्यात दया होती. "बघ बेटा, मी बोललो होतो की नाही? घोडा शर्यतीआधी बांधून ठेवला. प्रल्हादचा चेंडू काही कपाटात नाही."

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. कपाटाचं कुलूप दिसायचं. पाय आपोआप उचलले जायचे. दोनदा अक्कांना विचारलं, प्रल्हाद येणार आहे का? त्या म्हणाल्या, मला काय ठाऊक, हे मला सांगतात का काही! रात्री वाटायचं, ट्रंक उचलावी आणि निघावं. पण निघून जायचं कुठे? शेवटी जे होईल ते बघायचं म्हणून थांबलो.

ठरल्या सकाळी एसटी स्टँडवर गेलो तर नाना आधीच उभे. सुभाषशेठ परगावी होते. नानांच्या काखेत उपरण्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबोडकं. एकटेच. मी इकडे तिकडे बघत होतो ते त्यांनी ओळखलं.

"कोणाला शोधतोस?"

"प्रल्हाद…"

"त्याला मी केव्हाच मोजलाय. तो उडत नाही, टाचा उचलतो." आणि कंडक्टरनं दिलेली तिकिटं उलटसुलट करून बघू लागले.

पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा मी खाली उतरून नानांसाठी चहा घेऊन आलो. 

गिरणीचं मैदान मोठं, पंधरावीस माणसं जमलेली. मॅनेजरसाहेब पांढऱ्या पँटमध्ये. म्हणाले, "हाच का तो? शाळा किती झाली?" मी सांगितलं. त्यांनी तोंड जरा वाकडं केलं. "बघू. उडता येत असेल तर शाळा कोण विचारतो."

मी बूट घालत होतो तेवढ्यात नानांनी उपरणं सोडलं आणि गज नि तारेचं भेंडोळं बाहेर काढलं.

"हे काय?"

"रिंग मोजतो जरा."

"आमच्यावर संशय आहे का तुमचा?"

"आहे ना," नाना शांतपणे म्हणाले. "माझा बठ्ठ्यांवर असतो. मनाला लावून घेऊ नका. शिडी मिळेल का?"

जमलेली माणसं हसली. एकजण ओरडला, "काका, चेंडूपण मोजा, गोल आहे का बघा!" "ते मघाशीच बघितलं," नाना म्हणाले. शिडी आली. तार सुटली. नाना वाकून मोजू लागले, मोजून झाल्यावर पुन्हा मोजलं, आणि मग माझ्याकडे बघितलं.

ही रिंग उंच होती. वीतभर नाही, पण चार बोटं नक्कीच. कारण आमच्या उलट. रोज खेळून खेळून रिंगेखालची माती पायांनी उडून गेली होती, तिथे उथळ खड्डा झाला होता. आमचं अंगण वर आलं होतं, यांचं खाली गेलं होतं.

मॅनेजरसाहेब स्वतः येऊन बघून गेले. जरा ओशाळले. "बरोबर आहे तुमचं. असं करा, पलीकडची रिंग नवी बसवलीय, ती बरोबर दहा फूट आहे. तिथे दाखवू दे त्याला."

मला हायसं वाटलं. मी चेंडू उचलून तिकडे चालायला लागलो.

"थांब," नाना म्हणाले. "हीच."

"नाना!"

त्यांनी मला बाजूला घेतलं. पहिल्यांदाच इतक्या हळू आवाजात बोलले. "तू इथे परका. शाळा नाही, कोणी मागे नाही. आज घेतील, उद्या कोणीतरी म्हणेल, सोप्या रिंगेवर उडाला. उंच रिंगेवर उडालास तर तळापर्यंत कोरडा माल, त्यावर कोणी संशय घेत नाही. समजलं?"

"आणि नाही जमलं तर?"

"जमंल. मी मोजलंय तुला."

पहिल्यांदा चेंडू रिंगेच्या कडेला लागून उसळला. माणसं 'हाऽऽ' करून गप्प झाली. मी चेंडू उचलून परत मागे आलो. आणि मला तेव्हाच कळलं की पाय हलके आहेत. आठवडाभर बांधून ठेवलेले पाय होते ते. दुसऱ्यांदा धावलो, त्या खड्ड्यातच पाय रोवला, तवा तापलाय समजून उडालो. लोखंड मनगटाच्या खाली लागलं. चेंडू आत गेला आणि मी रिंगेला लोंबकळत राहिलो, उतरायचं भान नाही असा.

टाळ्या झाल्या, शिट्ट्या झाल्या. मॅनेजरसाहेब हात मिळवायला आले. नाना त्यांच्याआधी पोचले होते. त्यांनी माझा हात धरला नाही. खाली बसले, माझा पाय उचलून मांडीवर घेतला, बूट काढला, त्याचा तळ वाकवून बघितला, आत हात घालून टोकापर्यंत चाचपलं. मग बूट माझ्या हातात देऊन म्हणाले,

"खरं शे."

संध्याकाळी स्टँडवर त्यांना सोडायला गेलो. मी धुळ्यातच राहणार होतो, साहेबांनी तसं सांगितलं होतं. नाना म्हणाले, "तोंडी सांगितलंय. हातात कागद पडेपर्यंत नाचू नको." पाया पडायला वाकलो तर दोन पावलं मागे सरकले, जास्त वाकणारा माणूस त्यांना चालायचा नाही. गाडी लागली. चढताना त्यांनी काखेतला गज माझ्यापुढे धरला.

"हा ठेव. इथली माती रोज खाली जाते. दर साल मोजत जा."

"आणि तुम्हाला?"

"मला काय, माझा हात शे ना."

गाडी हलली. खिडकीतून मला दिसलं, शेजारच्या माणसानं त्यांना शेंगा देऊ केल्या होत्या, आणि नाना बाही सारून त्याच्या पिशवीत तळापर्यंत हात घालत होते.

ते आता थकलेत, चोपड्याला असतात, असं कळतं. आमच्या मैदानावरची रिंग मी दर वर्षी त्या गजानं मोजतो आणि खड्डा भरून घेतो. नवीन पोरं हसतात. हसू देत. एक दिवस मी चोपड्याला जाणार आहे. नानांचा गज त्यांच्या हातात परत देणार आहे. ते आधी म्हणतील, हा माझाच कशावरून? मग मी त्यांच्या अंगणात भिंतीला चिकटून उभा राहीन, बोटाला गेरू लावीन, टाचेखाली केळीच्या पानाची पट्टी माझ्या हातानं ठेवीन आणि म्हणेन, ओढून बघा नाना. टेकल्यात.